अलायनर घालून चहा पिऊ नका

"पारदर्शक अलायनर बसवले की दात झाकलेले राहतात, कीड लागत नाही. सकाळी एकदा घासलं की पुरे. चहा ट्रे ठेवूनच प्या, रात्री ट्रे उकळत्या पाण्यात टाका. उगं चारदा घासून पाणी नासू नका." नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. अलायनर म्हणजे वाकडे दात हळूहळू सरकवून सरळ करणारा, काढता-घालता येणारा प्लास्टिकचा ट्रे. माझ्या पुतणीनं तो वाचून तसंच सुरू केलं, म्हणून लिहितेय.

झाकलेला दात किडत नाही, हे साफ चूक आहे. दात राखते ती लाळ. जंतू साखरेचं आम्ल करतात. लाळ ते धुऊन नेते, दाताला क्षार परत देते. ट्रे मात्र दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात असतो आणि त्याच्या आत लाळ नीट खेळत नाही. जेवून न घासता तो चढवला, तर भाकरीचा कण, गुळाचा अंश आणि जंतू दातालाच लागून कोंडले जातात. आधी हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग येतात, पुढं कीड. ट्रेची पकड बसावी म्हणून दातांवर चिकटवलेल्या बारीक उंचवट्यांच्या कडेला तर मळ फार लवकर धरतो. म्हणून प्रत्येक जेवणानंतर घासायचं आणि रात्री दातांच्या फटींतून फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा बारीक दोराही फिरवायचा.

आता चहा. लातुरात कुणाच्याही दारात गेलं की कप पुढं येतोच, आणि नको म्हटलं तर माणूस दुखावतो. तरीही ट्रे काढूनच घ्या. गोड चहा ट्रेच्या आत शिरला की तिथंच मुरतो. प्लास्टिकवर डाग चढतात, उष्णतेनं आकारही बिघडतो. मग दात सरकणार कसे? ट्रे डबीत ठेवा, रुमालात नको, हमखास हरवतो. चहानंतर घासणं जमलं नाही तर निदान खळखळून चूळ भरा. ट्रे घालून फक्त साधं गार पाणी चालतं.

उकळतं पाणीही त्याच कारणानं नको. ट्रे गार पाण्यात, मऊ ब्रशनं धुवा. राखुंडीनं चरे पडतात. मिसरी तर तंबाखूच, ती तोंडातच नको.

राहिलं पाणी. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी या शहरानं प्यायलंय, त्यामुळं पाणी नासण्याची भीती मला समजते. पण घासताना नळ सोडून ठेवायची गरजच नाही. फ्लोराइडच्या पेस्टनं घासल्यावर नुसतं थुंकायचं, लगेच चुळा भरायच्या नाहीत. फ्लोराइड दातावर टिकतं. ब्रश आणि ट्रे मिळून एका पेल्यात धुऊन होतात.