उतू जाणं आणि ओतणं

सप्रेम सलाम.

नाताळच्या उपासनेवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, ते लपवत नाही. आपलं म्हणणं थोडक्यात असं: ठाणे पूर्वेला, कोपरीतल्या आमच्या हॉलमध्ये ढोलकी, झांजा, टाळ्या आणि शेवटी चक्क फुगडी झाली, याचं मी कौतुक केलं, ते चुकलं. प्रभू निवांत रात्री जन्मला, तो दिवस गांभीर्यानेच पाळावा. 'उतू जाणारा आनंद' हे गोंधळाला दिलेलं गोंडस नाव आहे. आणि हा भजनी मंडळाचा थाट मुळात आपला, ख्रिस्ती लोकांचा, नव्हेच.

आधी फुगडी. तिसऱ्या बाकावरच्या दोघी, दोघींचीही साठी उलटलेली. शेवटचं कडवं चालू असताना त्यांनी चपला बाकाखाली सारल्या, पदर खोचले आणि मधल्या वाटेत एकमेकींचे हात धरले. पाच-सहा गिरक्या झाल्या असतील. एकीला गरगरलं, ती हसत खाली बसली. पाळकांनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. झालं एवढंच. लेखात मी ते जरा फुलवलं, तो दोष माझा.

दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढे, त्या पवित्र पेटीपुढे, नाचला हे बायबलमधलं उदाहरण मी देणार नाही. एक तर ते सगळेच देतात, आणि ते दिलं की समोरच्याला आपोआप खिडकीतून नाक मुरडणारी त्याची बायको मीखल व्हावं लागतं. आपल्याला तसं म्हणायची माझी इच्छा नाही.

पण आपण लिहिलंय की मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चवरून आपलं रोज जाणं-येणं आहे. तो बाप्तिस्मा करणारा योहान आपल्याला माहीत असतो तो अरण्यातला: उंटाच्या केसांचं वस्त्र, खायला टोळ आणि रानमध, आणि आल्यागेल्याला खडसावणं. त्याच्याइतका गंभीर माणूस शास्त्रात शोधून सापडायचा नाही. लूकाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मात्र त्याची पहिली हालचाल कोणती? उडी! मरीया दारात येऊन सलाम करते, तो आवाज कानी पडतो आणि त्याच्या आईच्या, अलीशिबेच्या, पोटातलं सहा महिन्यांचं बाळ उल्लासाने उडी मारतं. ख्रिस्त अजून जन्मायचा आहे. बेथलेहेम, मेंढपाळ, तारा, सगळं पुढेच आहे. बोलता न येणारा, न जन्मलेला एक जीव त्याचं स्वागत करतो ते अंगाने. ती उडी कशी असते हे त्या फुगडीवाल्या दोघींना माझ्यापेक्षा आणि आपल्यापेक्षाही जास्त ठाऊक असणार.

निवांत रात्रीबद्दल. 'शांत रात्र' हे गीत मलाही प्रिय आहे, ते आम्ही दिवे मंद करून गातोच. पण ते ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावात १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारवर, हे विसरू नका. आणि लूकाच्या दुसऱ्या अध्यायातली रात्र तरी कुठे निवांत राहिली? आकाशात देवदूतांचा समुदाय गातोय, मेंढपाळ घाईघाईने गावाकडे निघालेत, परतताना देवाचं गौरव करत चाललेत. बाळाच्या आईने मात्र सगळं मनात ठेवलं. म्हणजे गप्प राहणाऱ्यालाही त्या गोठ्यात जागा आहेच.

आता तो 'थाट'. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. त्याने ख्रिस्तपुराण लिहिलं ते ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या, छापलं १६१६ साली. (तो राहिला साष्टीत, गोव्यातल्या, आपल्या ठाण्याच्या नव्हे.) ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर स्वतःबद्दल सांगत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो. त्यांची भजनं आपणही लहानपणापासून गात आला असाल, ती काय पियानोसाठी बांधलेली आहेत? आपण पेटीला चर्चचं वाद्य म्हणता. त्या हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलं गेलं. ती आपली, आणि ढोलकी परकी!

एका बाबतीत मात्र आपण बरोबर बोट ठेवलंत, आणि तिसऱ्या वाचनात राग गेला तो त्यामुळेच. 'ज्याच्या घरी दुःख आहे त्याने काय करायचं?' असं आपण विचारलंत. माझे वडील गेले त्यानंतर तीन आठवड्यांनी नाताळ आला. त्या वर्षी मी एका मोठ्या मेळाव्याला गेलो होतो. माइकवरून सारखं चाललं होतं, हात वर करा, जोरात, अजून जोरात, ऐकू येत नाही. मी हात वर केले. त्या हातांची मला आजही लाज वाटते. दूध उतू जातं ते तापलं म्हणून. तिथे कोणीतरी भांडं कलंडून ओतत होतं.

म्हणून आमच्याकडे माइकवरून कोणाला टाळ्या वाजवायला सांगत नाहीत. फुगडी चालू होती तेव्हा माझ्या पुढच्या बाकावर एक काका बसले होते, पत्नी दिवाळीत गेलेली. ते उभे राहिले नाहीत, गायलेही नाहीत. समोरच्या बाकाच्या पाठीवर त्यांचा उजवा अंगठा तेवढा ठेका धरत होता. मध्येच थांबायचा, मग सम गाठून पुन्हा सुरू. त्यांना कोणी उठवलं नाही. हे मूळ लेखात यायला हवं होतं. मी फुगडीच पाहत बसलो.

शेवटी आपला प्रश्न, ढोलकी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दानातून घेतली का. नाही, ती उसनी आहे. हॉलच्या मागच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची. वादीही त्यांनीच ताणून दिली, कारण आमच्यात ते कोणाला जमत नाही. सव्वीस तारखेला ती परत करायला गेलो तेव्हा सोबत करंज्यांचा डबा दिला. डबा अजून त्यांच्याकडेच आहे.