कोकोच्या पार्व्होबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं कुत्र्याचं पिल्लू कोको पार्व्होने (पिल्लांना उलट्या-जुलाब करणारा, झपाट्याने पसरणारा विषाणू) गेली, त्या रात्री अडीच वाजेपर्यंत मी, तिचा डॉक्टर, तिच्याजवळ होतो. तुमचा राग मला समजतो, म्हणून हे उत्तर स्टाफला लिहायला न सांगता मी स्वतः लिहितोय.

तुम्ही लिहिलंय की बुधवारी तुम्हाला गेटबाहेर 25 मिनिटं उन्हात उभं केलं. हे खरं आहे आणि ही आमची चूक आहे. आमच्या स्टाफमधल्या मुलाने "आत येऊ नका" एवढंच सांगितलं, का ते सांगितलं नाही. मनापासून माफी मागतो. आता मागच्या दाराला बेल बसवली आहे आणि गेटवर पाटी लावली आहे: पिल्लाला उलट्या-जुलाब असतील तर गाडीतच थांबा, फोन करा, आम्ही बाहेर येतो.

पण अशा पिल्लाला पुढच्या दाराने आत मात्र मी आजही घेणार नाही. त्या वेळी आत टेबलावर मांजरीचं दीड महिन्याचं पिल्लू होतं आणि पार्व्होचे आजचे प्रकार मांजरांनाही लागतात. अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटावर 1980 मध्ये 50 लांडगे होते. कुत्र्यांचा पार्व्हो तिथे पोचला आणि 1982 पर्यंत 14 उरले. एवढ्या मोठ्या जंगलात हे झालं, माझा वेटिंग हॉल तर दहा बाय बाराचा आहे.

"सोमवारी जंताचं औषध द्यायला आलो, तेव्हा तुमच्याकडेच लागण झाली," असं तुम्ही म्हणता. आमच्याकडे लागण होऊच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. पण विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात आणि कोकोला बुधवारी पहाटेच उलट्या सुरू झाल्या होत्या. म्हणजे सोमवारी ती बहुधा विषाणू घेऊनच आली होती. लक्षणं दिसायच्या आधीही शीमधून तो बाहेर पडू शकतो, म्हणून सोमवारी हॉलमध्ये असलेल्या चारही पिल्लांच्या घरी आम्ही बुधवारीच फोन केले.

लस घेऊनही पार्व्हो कसा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ब्रीडरने 45व्या दिवशी एकच डोस दिला होता. आईच्या चिकातून पिल्लाला जी प्रतिपिंडं (आजाराशी लढणारे रक्तातले घटक) मिळतात, ती लसीला काम करू देत नाहीत. ती उतरत जातात तेव्हा मधे काही दिवस असे येतात की आजार अडवायला ती पुरत नाहीत, पण लस वाया घालवायला पुरतात. हे दिवस प्रत्येक पिल्लाचे वेगळे. म्हणून 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. कोको दहा आठवड्यांची होती. यात तुमची चूक नाही, ब्रीडरने हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

रिपोर्टचा फोटो तुम्हीच टाकलाय म्हणून बोलतो. रक्तातल्या, आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी 700 होत्या, एरवी त्या 6000च्या वर असतात. हा विषाणू आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा (हाडांतला मगज, जिथे या पेशी तयार होतात) एकाच वेळी मारतो. वेळेत भरती केलेली बरीच पिल्लं वाचतात, म्हणूनच पहिल्या दिवशी मी तुम्हाला आशा दाखवली होती. खोटी नव्हती ती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चमचाभर पेज चाटली होती.

आता बिलाबद्दल. त्यातला आयसोलेशनचा चार्ज म्हणजे वेगळी खोली आणि त्या पाळीत दुसऱ्या कुठल्याही जनावराला हात न लावणारा एक माणूस. बिलात हे नीट लिहिलेलं नव्हतं. या, एकेक ओळ समोर बसून बघू. जे पटणार नाही त्यावर बोलू.

आणि एक विनंती. इतक्यात नवं पिल्लू आणू नका. फिनेल किंवा सॅनिटायझरने हा विषाणू मरत नाही. फरशी आधी धुऊन घ्या, मग 1 भाग घरगुती ब्लीच आणि 30 भाग पाणी मिसळून ती 10 मिनिटं ओली ठेवा. तिची गादी टाकून द्या. अंगणातल्या मातीत तो वर्षभरही टिकू शकतो, तिथे ब्लीचचा फारसा उपयोग होत नाही. पुढे कुत्रा घ्याल तेव्हा लसींचा कोर्स पूर्ण झालेलाच घ्या. आणण्याआधी त्याचं कार्ड मला दाखवा, त्याचे पैसे घेणार नाही.