बर्ट विल्यम्स कुठे गेला?

सुरुवातीच्या अमेरिकी मूकपटांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘सुरुवातीच्या लघुपटांत कृष्णवर्णीयांच्या भूमिका गोरे नटच तोंडाला काळं फासून करत’ हे वाक्य खटकलं. अहो, मग बर्ट विल्यम्सचं काय? हा स्वतः कृष्णवर्णीय, बहामात जन्मलेला, ‘झिगफेल्ड फॉलीज’ या न्यूयॉर्कच्या नाच-गाणी-विनोदाच्या रंगमंचीय कार्यक्रमातला बिनीचा नट. तरी प्रेक्षकांच्या सवयीपायी जळक्या बुचाची काजळी त्यालाही फासावी लागे! १९१६ च्या ‘अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर’ या मूकपटात तो तुरुंगाच्या कोठडीत एकटाच पोकर खेळतो. हातात पत्ते नाहीत, समोर भिडू नाहीत. पानं वाटतो, डाव लावतो, आणि वर हरतोही. रंगमंचावर वर्षानुवर्षं घोटलेला मूकाभिनय आहे तो. यूट्यूबवर पाहताना मी आधी खो खो हसलो, मग त्या काजळीकडे लक्ष गेलं आणि हसू घशातच अडकलं.

आणि १८९८ च्या ‘समथिंग गुड’ या फिल्मचा उल्लेखच नाही? सेंट सटल आणि गर्टी ब्राउन, दोघंही कृष्णवर्णीय, रंगमंचावरचेच कलाकार, काजळीबिजळी काही नाही, हात धरून हसत हसत एकमेकांचे मुके घेतात. जेमतेम अर्ध्या मिनिटाची फिल्म आहे. पुढच्या भागात तिच्यावर जरूर लिहा.