दहावीचे टक्के कुठवर पुरवायचे?

दहावीचा निकाल लागला की मुंबईत दोन तट पडतात. एक म्हणतो मार्कांची खिरापत वाटली, दुसरा म्हणतो पोरांनी मेहनत केली त्यात त्यांचा काय दोष. 2025 मध्ये राज्य मंडळाच्या 211 मुलांना शंभर टक्के पडले तेव्हाही हेच झालं. बेस्ट ऑफ फाइव्ह (सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच गुण धरणं) आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण यांवर तावातावाने बोलून झालं, मग अकरावीचे फॉर्म आले आणि सगळे मुकाट्याने पसंतीक्रम भरायला बसले. कॅलिफोर्नियात बसून हे ऐकताना दरवर्षी वाटतं, मार्क किती द्यावेत यावर आपण एवढं भांडतो, पण ते मार्क किती वर्षं चालावेत हा प्रश्न कुणालाच पडत नाही.

मुलुंडच्या माझ्या भाच्याला 68 टक्के मिळाले. भावाचा फोन आला, “ताई, तुमच्याकडे मार्कांना कोणी विचारत नाही म्हणे. खेळ, समाजसेवा, एक चांगला निबंध, भागतं ना एवढ्यावर?”

ही लोणकढी आम्हीच सुट्टीत येऊन सोडलेली असते, तेव्हा आधी तिचं बघते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया दहावी-अकरावीचे गुण काटेकोर बघते. एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा तर ती 2021 पासून बघतच नाही, म्हणजे शाळेच्या गुणांचं वजन वाढलंच. फ्रीमाँट, क्युपर्टिनोतले देशी आईबाप कुणाच्या मुलाने किती एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे) विषय घेतले याची जी टेहळणी करतात, ती पाहून पार्ल्या-दादरचे पालक संत वाटतील. निबंध ‘घडवून’ देणारे सल्लागार तासावर पैसे घेतात. आणि 2019 मध्ये तर खेळाशी संबंध नसलेल्या पोरांना खेळाडू दाखवून, लाच देऊन नामांकित विद्यापीठांत घुसवणाऱ्या श्रीमंत आईबापांची टोळीच पकडली गेली. आपल्या मॅनेजमेंट कोट्याला निदान तसं नाव तरी आहे.

फरक आहे तो पुढे. कॅलिफोर्नियाने 1960 मध्ये उच्च शिक्षणाचा आराखडा केला. वरच्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि उरलेल्या कुणालाही कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. इथवर आपल्यासारखीच उतरंड. पण त्याच आराखड्यात कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं चांगली काढणाऱ्याला थेट तिसऱ्या वर्षात वर घेण्याची सोय ठेवली. आज राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत आणि रहिवाशांना फी युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) 46 डॉलर. युनिव्हर्सिटीच्या सहा कॅम्पसशी आधीच करार करता येतो: ठरलेले विषय, ठरलेला जीपीए (गुणांची सरासरी), की प्रवेश नक्की. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या करारात नाहीत, पण अर्ज तिथेही करता येतो. त्या टप्प्यावर निवड कॉलेजच्या गुणांवर होते, शाळेच्या नाही.

आमच्या शेजारणीचा मुलगा शाळेत केमिस्ट्रीत जेमतेम तरला होता. डी अँझा या कम्युनिटी कॉलेजातून तो युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसला गेला. पदवीवर डेव्हिसचंच नाव आहे. अर्थात सगळे पोचत नाहीत. दुकानात पाळ्या करत शिकणाऱ्यांची दोन वर्षं चार होतात, कित्येक मधेच सोडतात. पण थांबतात ते पंधराव्या वर्षीच्या मार्कांमुळे नाही.

मुंबईत असं काहीच नाही, हेही खरं नव्हे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगमध्ये जाता येतं, आणि ती गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते. माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या नामांकित इंजिनिअरिंग कॉलेजातही या वाटेने मुलं येतात. भावाला मी हे सुचवलं तर पलीकडे क्षणभर शांतता. मग, “डिप्लोमाला घातला म्हटल्यावर लोक काय म्हणतील गं?” ज्या राज्याने ही वाट करून ठेवली, त्याच राज्यातल्या घराघरांत ती नापासांची समजली जाते. दोष इथे मंडळाचा नाही, आपला आहे.

कला आणि वाणिज्यवाल्यांचं मात्र खरंच अडतं. कट-ऑफने उपनगरातल्या कुठल्याशा कॉलेजात टाकलेली मुलगी एफवायला (पहिल्या वर्षाला) पहिली आली, तरी तिला एसवायला (दुसऱ्या वर्षाला) रुईया किंवा झेवियर्समध्ये जायचं तर एनओसी, जागा आहे का, प्राचार्य काय म्हणतात, असं दारोदार फिरावं लागतं. युजीसीने 2021 मध्ये अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली, म्हणजे पास केलेल्या विषयांची क्रेडिट साठवणारं विद्यार्थ्याचं खातं. क्रेडिट खात्यात जमा होतात, पण ती घेऊन जायचं कुठे?

दरवर्षी काही मुलं पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडतात आणि जागा रिकाम्या होतात. मुंबई विद्यापीठाने सगळ्या संलग्न कॉलेजांच्या एसवायच्या रिकाम्या जागा जूनमध्ये एका यादीत जाहीर कराव्यात आणि त्या फक्त एफवायच्या क्रेडिटांवर भराव्यात. फॉर्ममध्ये दहावी-बारावीच्या टक्क्यांचा रकानाच नको. अकरावीसाठी अख्ख्या राज्याचं पोर्टल 2025 पासून चालवतोच आहोत, एका विद्यापीठापुरतं चालवणं अवघड नसावं. नामांकित कॉलेजांचे प्राचार्य कुरकुरतील, इनहाऊस कोट्याची (स्वतःच्याच संस्थेतल्या मुलांसाठी राखलेल्या जागांची) गणितं बिघडतील, क्लासवाले म्हणतील दर्जा घसरला. भाच्याने मात्र एवढंच विचारलं, “आत्या, हे माझ्या एसवायपर्यंत होईल का?”