हळू आवाजात ट्यूब ॲम्प: दोष वॅटचा नाही

गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: ट्यूब ॲम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर) पूर्ण व्हॉल्यूमवर नेल्याशिवाय टोन येतच नाही, घरी वाजवायचं तर मोठा विकून पाच वॅटचा घ्या, आणि अटेन्युएटरच्या (ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडून आवाज उतरवणाऱ्या डब्याच्या) नादी लागू नका, तो टोन मारतो. हे ऐकून लोक उत्तम ॲम्प विकून टाकतात, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

वॅट कमी म्हणजे आवाज कमी, हे गणितच चुकतं. १०० वरून ५० वॅटवर आलात तर फक्त ३ डेसिबल उतरतात. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे वॅट एक दशांश. सेलेशनचा व्हिंटेज ३० स्पीकर १ वॅटला १ मीटरवर १०० डेसिबल देतो. ५ वॅटला ते १०७ होतात. रात्री घरात हे चालेल?

स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या शेवटच्या, म्हणजे पॉवर ट्यूब ताणल्या तरच खरं डिस्टॉर्शन (गिटारचा खरखरीत, फाटलेला आवाज), हे मार्शल कंपनीच्या १९५९ सुपर लीडसारख्या (१९५९ हा मॉडेल क्रमांक) मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे शेवटचा एकूण आवाज वेगळा ठरवणारा नॉब, नसलेल्या ॲम्पला लागू आहे. पण मार्शलनेच १९७५ साली २२०३ या मॉडेलमध्ये मास्टर व्हॉल्यूम दिला. तिथे बरंचसं डिस्टॉर्शन प्रीॲम्पच्या, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्याच्या, छोट्या १२एएक्स७ ट्यूबमध्येच तयार होतं.

'हळू केलं की टोन पातळ होतो' ही तक्रार मात्र खरी आहे. फक्त दोष भलत्यालाच दिला जातो. हळू आवाजात आपल्या कानालाच बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. दुसरं कारण ब्राइट कपॅसिटर. बऱ्याच ॲम्पमध्ये हा छोटा भाग व्हॉल्यूमच्या नॉबमागे जोडलेला असतो आणि नॉब खाली असताना ट्रेबल थेट पुढे सोडतो. नॉब वर नेला की त्याचा परिणाम मावळतो. त्यामुळे ब्राइट स्विच असेल तर बंद करा. आधी आवाज ठरवा, मग बेस, मिड, ट्रेबल नव्याने लावा. स्टेजवरची सेटिंग घरी जशीच्या तशी लावणं, मला वाटतं, निम्म्या तक्रारींचं मूळ आहे.

अटेन्युएटर सगळे सारखे नसतात. स्पीकरचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध, ओहममध्ये मोजतात) वारंवारतेनुसार बदलतो: खाली बेसमध्ये स्पीकरच्या रेझोनन्सपाशी (त्याच्या नैसर्गिक कंपनापाशी) उसळतो, वर ट्रेबलमध्ये चढत जातो, आणि ट्यूब ॲम्प त्याला प्रतिसाद देतो. नुसत्या रेझिस्टरचा अटेन्युएटर हा चढउतार सपाट करतो, म्हणून टोन निर्जीव वाटतो. स्पीकरच्या इम्पिडन्सची नक्कल करणारा, म्हणजे रिॲक्टिव्ह लोडचा अटेन्युएटर तो बऱ्यापैकी जपतो. मोठ्या आवाजात स्पीकरचा कोन (कागदी पडदा) स्वतःही डिस्टॉर्शन देतो, हवेच्या धक्क्याने गिटारच्या तारा पुन्हा थरथरतात. ते हळू आवाजात मिळत नाही, हे मान्य. पण तेवढ्यासाठी सगळा टोन गेला म्हणणं अन्याय आहे.

अटेन्युएटर ॲम्पच्या ओहमला जुळणारा आणि पुरेशा वॅटचा घ्या. आणि शांततेसाठी स्पीकर काढून, त्याच्या जागी कुठलाही लोड (ॲम्पची शक्ती झेलणारं काही) न जोडता ट्यूब ॲम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.