टॉर्टिया म्हणजे मक्याची भाकरी नाही

मेक्सिकन जेवणावरचा तुमचा लेख छान आहे पण "टॉर्टिया म्हणजे आपली मक्याची भाकरीच" हे वाक्य खटकलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात होतो, तिथे पहिल्या महिन्यात मी पण हेच समजून मक्याचं साधं पीठ आणलं आणि गरम पाण्यात मळून टॉर्टिया करायला बसले, सगळ्या कडेने चिरल्या, उलटताना तर तुकडेच पडले. घरमालकीणबाईंनी बघितलं आणि मला थेट स्वयंपाकघरात नेलं. त्या वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात उकळतात (किलोला साधारण १० ग्रॅम चुना), रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून सालं काढतात आणि मग ओलाच दळतात. पूर्वी हे दळण मेतातेवर व्हायचं, म्हणजे आपल्या पाट्यासारखा दगड, आता गल्लीतल्या गिरणीत होतं. याला निश्तामाल म्हणतात, आणि त्या पिठाला असा चिकटपणा येतो की टॉर्टिया फुगते, घडी घातली तरी तुटत नाही!

आणि हे नुसतं चवीपुरतं नाहीये. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) शरीराला मिळतं. युरोपात मका गेला पण ही पद्धत गेली नाही, म्हणून उत्तर इटलीतल्या मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार, व्हायचा. मेक्सिकोतल्या बायकांनी हजारो वर्षं सांभाळलेलं हे ज्ञान आहे, मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा) आणि ताकोवर (सारण भरून दुमडलेली टॉर्टिया) एवढं लिहिलंत तर यावर एक परिच्छेद तरी हवाच होता.