देव दिवे घाटात अडकले

पुण्यातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर मी रविवारी सकाळी नव्या लोकसंगीताच्या अल्बमवर मत देतो. मत देण्याचे पैसे मिळतात याचं आमच्या नातेवाइकांना भारी आश्चर्य. पुण्यात ते सगळे फुकटच देत आलेत.

अल्बम येतो व्हॉट्सॲपवर. पाठोपाठ निरोप, ‘दादा, अगदी प्रामाणिक मत सांगा हं.’ इथेच पोटात गोळा येतो.

परवा गोंधळ आला. गोंधळात आधी देवांना आवतण. तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेकाला नाव घेऊन बोलवायचं आणि मग रात्रभर जागर. या पठ्ठ्याने सगळा मामला साडेतीन मिनिटांत उरकला. सुरुवातीला नुसतं धाडधाड, मग एका दमात झाडून सगळी दैवतं, की लगेच आरती! खंडोबा अजून दिवे घाटात ट्रकच्या मागे, भवानी हडपसरच्या सिग्नलला, आणि इकडे गाणं संपलंसुद्धा. कंबरेला बांधून काड्यांनी बडवायचा तो संबळ मी हेडफोन कानाशी दाबून शोधला. इतकं कडाडणारं वाद्य गायब करायलाही कसब लागतं म्हणा. तुणतुणं कीबोर्डवर वाजवलेलं. अरे, त्याला तार एकच असते, तीही छेडायला माणूस मिळू नये?

मग एक पोवाडा. शाहिराचा गळा खणखणीत, डफावर थाप पडली की आपण सरसावून बसतो. झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ही दमदार, चौघे तरी असावेत. पण नीट ऐकलं तर चौघेही एकाच जागी खोकत होते.

हे सगळं मी बरीच साखर घालून सांगितलं. तरी फोन सुरू. एक आजोबा १९५३ साली पुण्यात आकाशवाणी आली तेव्हापासून ऐकतायत. त्यांच्या मते मी फार गुळमुळीत बोललो, ‘पाकीट मिळालं का?’ दुसऱ्यांना मी पोरांचं खच्चीकरण करतोय असं वाटलं. तिसरे आमच्या सोसायटीचे चेअरमन. गोंधळवाला त्यांचा भाचा निघाला. ते काही बोलले नाहीत, फक्त ‘तुमच्या विंगला पाणी बरं येतं ना?’ एवढंच विचारलं.

संध्याकाळी भाच्याचाच फोन. “दादा, संबळ आहे त्यात. उजव्या कानात ऐका.”

ऐकलं. उजव्या कानात कुकरची शिट्टी होती. सुरात होती, हे मान्य करायला हवं.

पुढच्या रविवारी कोथरूडहून एक काकू. “अहो, तुमचं बरोबर असेल हो. पण तो गोंधळ परत लावा ना. आमच्या मंगळागौरीच्या ग्रुपला त्यावर फुगड्या बसवायच्यात. आणि मध्ये बोलू नका, मागच्या वेळी रेकॉर्ड केलं त्यात तुमचाच आवाज आलाय.”